पत्र्यावरचं घावन

तव्यावर घातलेलं पीठ धरलं नाही, मागे सरलं, की अजूनही माझा हात थांबतो आणि मी वळून दाराकडे बघते. कुणी पाहिलं का? हिंगोलीतलं हे स्वयंपाकघर माझं आहे, घरात वयानं मीच मोठी, मला जाब विचारणारं आता कुणी उरलेलं नाही. तरी बघते. सुनेला वाटतं, सासूबाईंना गॅसची धास्ती आहे. तिचा समज मी मोडलेला नाही. खरं सांगायचं तर वसमतच्या त्या पत्र्याच्या शेडपासून सुरुवात करावी लागते, आणि भाजीला फोडणी घालता घालता सांगून होईल एवढी ती गोष्ट लहान नाही.

आमचं गाव कोकणात, खाडीच्या काठाला. वडील एसटीत ड्रायव्हर होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी वसमत डेपोत काढली. तिथं ते दिगंबरकाकांच्या गॅरेजमागच्या खोलीत राहायचे. खोली भाड्याची होती, पण जेवण काकूंच्या हातचं, आणि पुढे पुढे राखीपौर्णिमेला काकू त्यांना राखी बांधायच्या. एवढंच नातं. वडील गेल्याचं कळल्यावर दिगंबरकाका दोन गाड्या बदलून आमच्या दारात आले, ओटीवर बसून लहान मुलासारखे रडले आणि निघताना आईला म्हणाले, "वहिनी, आमाला लेक न्हाई. सुलीला आमच्याकडं येऊ द्या. दोन घास आमी खातो, त्यातलाच तिचा." आई तेव्हा मामाच्या घरी एका खोलीत आली होती, माझी शाळा आठवीतच सुटली होती आणि मामीनं माझ्या ताटातल्या भातावर नजर ठेवायला सुरुवात केली होती. आईनं माझी वेणी घातली, पिशवीत खोबरेल तेलाची बाटली दिली, म्हणाली, "थंय कोणाक उलट बोला नको गो." मी तेव्हापासून कुणाला उलट बोललेली नाही असं म्हटलं तर माझी सून हसेल, पण त्या घरात तरी बोलले नाही.

त्या घराचं ऋण मी आयुष्यभर मानत आले आणि तरीही त्या घरात मला पहिल्या दिवसापासून भीती वाटत होती. दोन्ही खरं आहे. पुढे रस्त्याला लागून शेड, मागे घर, मधे अंगण. सकाळी वेल्डिंगचा चरचराट सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत. कॉम्प्रेसर सुरू झाला की मांडणीवरचे पितळी डबे थरथरत. हळद काढणीचे दिवस होते. गावाबाहेर कढयांमध्ये हळद शिजायची आणि तिचा तो ओला, मातकट, औषधासारखा वास कपड्यांत, केसांत, पाण्याच्या माठातसुद्धा यायचा. मला समुद्राच्या वासाची सवय. रात्री उशीत नाक खुपसलं तरी हळदच. काकू ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि केसांना करडईचं तेल असं चोपडलेलं की कानशिलावरून ओघळ यायचा. त्यांचा हात सगळ्यालाच सैल. वरणात तेल, ठेच्यावर तेल, माझ्या भाकरीवर तर तेलाचं तळं. "खा गं माय, कसं वाळून गेलंय लेकरू," म्हणायच्या.

एकदा म्हणाल्या, "तुमच्याकडलं काई तरी करून घाल." मी तांदूळ भिजवून वाटले आणि घावनं करायला बसले. मी तव्याकडे वळायच्या आत काकूंनी त्यावर तेल ओतलं. मी पीठ घातलं, तर ते पसरायचं सोडून गोळा होऊन एका कडेला निघालं. "अगं, पीठ पळून राहिलंय की!" काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मी कांदा अर्धा कापला, त्यानं तवा पुसून काढला, पुन्हा पीठ घातलं. आई सांगायची, तव्याक तेल दाखवूचा, पाजूचा नाय. या वेळी पीठ जिथं पडलं तिथं बसलं, पातळ पसरलं आणि त्याला बारीक जाळी पडली. दिगंबरकाकांनी ते उजेडात धरून त्यातून माझ्याकडे पाहिलं. "पोरीनं भाकरीला भोकं पाडून ठिवली." त्या घरात त्याचं नाव भोकाची भाकर असंच पडलं. घावन हा शब्द कुणाच्या लक्षात राहिला नाही, आणि तेच मला पुढे नडलं.

काकांनी त्या वर्षी गॅरेज सोडून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधायचं काम नव्यानं धरलं होतं. पहिली ट्रॉली मी येण्याआधीच बाहेर पडली होती आणि तिचं कौतुक अजून संपलं नव्हतं. रंग असा की फाळक्यात तोंड बघून भांग पाडावा, असं लोक म्हणत. (फाळका म्हणजे ट्रॉलीचा मागचा पत्रा, जो खाली पाडून माल उतरवतात.) रंग मारणारे बाबाराव. उंच, वाळके, नाकाला रुमाल बांधलेला, गालात तंबाखू. माणसांशी कमी बोलत, पत्र्याशी जास्त. "बस आता, बस गुमान," असं पत्र्यावर हात ठेवून म्हणायचे आणि मग फवारा सोडायचे. वारं सुटायच्या आत, सकाळीच रंग मारायचा, कारण वारं सुटलं की धूळ येते. त्यामुळे आदल्या संध्याकाळी पत्रा थिनरनं पुसून ठेवायचा आणि सकाळी कोरड्या फडक्यानं झटकला की झालं. ते पुसायचं काम माझ्याकडे आलं. हे मी मागून घेतलं होतं. फुकटचं खाणारी असं कुणी म्हणू नये म्हणून मला काहीतरी काम हातात असायला हवं होतं.

दुसऱ्या ट्रॉलीला रंग मारला त्या सकाळी मी शेडच्या खांबाला टेकून उभी होते. बाबाराव फवारा मारत पुढे सरकत होते आणि मागे तांबडा रंग ओल्या आरशासारखा चमकत होता. मला वाटलं, इतकं सुंदर काही मी पाहिलेलं नाही. आणि बघता बघता त्या आरशात एक ठिपका उघडला. मग दुसरा. मग ओळीनं. रंग तिथून बाजूला सरला, गोल कडा धरून उभा राहिला आणि मधून खालचा विटकरी प्रायमर दिसायला लागला. खालून कुणीतरी हळूच फुंकर घालतंय असं वाटत होतं. मला घरची आठवण आली, आईचा तवा डोळ्यांपुढे आला आणि मी टाळी वाजवून ओरडले, "घावन!"

बाबाराव वळले. इकडे घावलं म्हणजे सापडलं, नेमकं हाती लागलं. त्यांनी ऐकलं ते "घावलं न!" असं. म्हणजे कुणीतरी नेम धरला होता, तो लागला, आणि पोरगी टाळ्या पिटून राहिली. त्यांनी रुमाल नाकाखाली घेतला आणि माझ्याकडे इतका वेळ बघितलं की माझे हात आपोआप पाठीमागे गेले.

"काय घावलं गं?"

मी म्हटलं, "काही नाही." आणि एवढं बोलून मी माझी बाजू संपवून टाकली. घावन म्हणजे काय हे तेव्हाच सांगितलं असतं तर! पण ज्याच्या पोटात भीती असते त्याच्या तोंडी पहिलं 'काही नाही'च येतं.

रंग घासून काढला, पुन्हा पुसला, दुसऱ्या सकाळी पुन्हा मारला. पुन्हा भोकं, आणि आधीपेक्षा जास्त. ट्रॉली कशीबशी ठिगळं लावून गेली. पुढच्या ट्रॉलीचंही तेच. बाबाराव नवा डबा आणायला स्वतः नांदेडला जाऊन आले, फवाऱ्याची गन उकळत्या पाण्यात धुतली, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं. एका दुपारी चहा पिताना ते काकांना म्हणाले, मी कपबशा उचलत असताना, माझ्यासमोरच, "पत्रा त्योच. रंग त्योच. हात बी त्योच. ह्या घरात नवं काय आलंय तेवढं बगा, दिगंबरराव."

काकांनी चहा संपवला नाही, एवढं मी पाहिलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. नळावर गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. एकदा मागून ऐकू आलं, "पायगुण असतो गं एकेकीचा. बाप खाल्ला, आता पत्रा खाऊन राहिली." कुणी म्हणे भानामती, कुणी म्हणे कोकणात भुतं पाळत्यात, भरलेल्या घरात एक सोडून देत्यात. शेडच्या दाराला लिंबू-मिरची लागली. मी अडचणीच्या दिवसांत पत्र्याला हात लावला का, हे शेजारच्या बाईनं काकूंना विचारलं आणि काकू तिच्यावर अशा धावून गेल्या की ती आठवडाभर आमच्या बाजूला फिरकली नाही. मला खरं तर त्यानं धीर यायला हवा होता. पण माझ्या मनात आलं, काकू एवढ्या का चिडल्या? त्यांनाही तोच प्रश्न पडला असेल म्हणून तर नसेल? संशयाचं असं असतं. लोक तुमच्याकडे तसे बघायला लागले की थोड्या दिवसांनी तुम्हीही सगळ्यांकडे तसंच बघता. मला बाबारावांचा संशय यायला लागला, की आपला हात बिघडला ते लपवण्यासाठी हे चाललंय. रात्री पडल्या पडल्या स्वतःचाही यायचा. खरंच माझ्यात काही असेल तर? वडील गेले तेव्हा त्यांच्या उशाशी मीच तर होते.

मग बाबारावांनी एकदा माझ्या वेणीचा वास घेतल्यासारखं नाक उडवलं आणि म्हणाले, "काय चोपडतीस ते?" त्या दिवसापासून मी आईनं दिलेली बाटली पिशवीच्या तळाला घातली. केस कोरडे, राठ झाले, फणी अडकायला लागली. काकू मला धरून तेल लावायला बसवायच्या, मी डोकं दुखतंय म्हणून सटकायची. संध्याकाळी पत्रा पुसण्याआधी कोपरापर्यंत हात राखेनं घासायची. तरी भोकं पडली. तेव्हा मला बरं वाटलं की वाईट, ते आज सांगता येत नाही. तेल नव्हतं म्हणजे मग मीच होते.

आणि त्यातच मला ती वात सापडली. सकाळी अंगण झाडताना, शेडच्या कुडाशी, कापसाची जळून काळी पडलेली लांब वात, चिमट्यानं दाबल्याची खूण असलेली. म्हणजे कुणीतरी खरोखरच काही करत होतं! आरडाओरडा करून सगळ्यांना दाखवावी असं आधी वाटलं. पण दाखवणार कोण? मी. कुणाच्या हातात सापडली म्हणतील? माझ्या. मी ती चुलीत घातली आणि ती जळेपर्यंत चुलीपुढून हलले नाही. स्वयंपाकघरात तेलाची बरणी भराभर उतरत होती, तेही माझ्या लक्षात आलं होतं. उद्या तेलचोरीचाही आळ येईल म्हणून मी भाजीत तेल कमी घालायला लागले. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांपुढे होत्या, आणि मी त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. माणूस स्वतःला वाचवण्यात गुंतला की त्याला एवढंही दिसत नाही.

जवळा बाजारचे माणिकराव म्हणून एक गिऱ्हाईक होतं. त्यांची हळद हिंगोलीच्या बाजारात न्यायची होती आणि पहिली खेप नव्या ट्रॉलीतूनच जाणार असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. ती ट्रॉली प्रायमर लावून उभी राहिली त्या संध्याकाळी काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. ते कधी तिथं बसत नसत.

"सुले, राग नको धरू बाळा. माह्या मनात काई न्हाई. पण लोकायचं तोंड हाय, धंदा हाय. ह्या बारीला बी तसंच झालं, तर तुला जरा तुह्या आईकडं सोडून येतो. थोडे दिवस."

काकू भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "थोडे दिवस म्हंजे किती?" त्यांनी विचारलं. काका उठून गेले.

मामाच्या घरातली ती एक खोली मला दिसली, आई दाराआड झोपायची ती जागा, आणि त्या जागेत अजून एक वळकटी कुठं मावेल याचा मी हिशेब करत राहिले. मावत नव्हती. पायगुण वाईट म्हणून पोरगी परत पाठवली हे मामीला कळल्यावर आईला पण तिथं राहता आलं असतं की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत मी उठले. माझ्या मनात एवढंच होतं की मी पुसलेल्या पत्र्यापाशी रंग लागेपर्यंत राखण बसायचं, कोण येतं ते बघायचं. जुन्या टायरांच्या चळतीमागे मी बसले. काका अंघोळीला गेल्याचा, बादलीचा आवाज आला. आणि शेडचं मागचं दार उघडलं.

काकू होत्या.

एका हातात चिमटा, चिमट्यात तेलानं निथळणारी पेटती वात. मी ओळखलं ते काय आहे ते. लहान मुलाची दृष्ट काढतात तसं. त्या ट्रॉलीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि देवाला घालावी तशी उजवीकडून प्रदक्षिणा घालत निघाल्या. वात चरचर जळत होती, तिचं तेल पत्र्यावर टपटप उडत होतं. वात कुडाशी टाकून त्यांनी मग दोन्ही तळवे पत्र्यावरून फिरवले, वरून खाली, गालांवरून फिरवावेत तसे, आणि ते हात तेलानं चोपडलेल्या आपल्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली. पुन्हा पुढचा पत्रा, पुन्हा तसंच. सगळ्यात जास्त वेळ त्यांनी मागच्या फाळक्यापाशी घालवला. दृष्ट काढताना कुणाशी बोलायचं नसतं आणि कुणी टोकायचंही नसतं, टोकलं की उतरलेली दृष्ट परत चढते. त्यामुळे मी हूं की चूं केलं नाही. पण त्यांचं पुटपुटणं मला ऐकू येत होतं. आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची, झालंच तर शेजारणीची; आणि शेवटी, "माह्या सुलीवरलं बालंट जाऊ दे गं माय. लेकरू जाऊ नको देऊ माह्यापासून."

त्या आत गेल्या. मी टायरांमागून उठले आणि पत्र्यापाशी गेले. उजेड अजून पुरता नव्हता, पण तिरकं बघितलं तर दिसत होतं. काकूंचे हात जिथवर पोचतात त्या उंचीला, सगळ्या ट्रॉलीभोवती, एक तेलकट पट्टा. गेल्या ट्रॉल्यांवर भोकं कुठं पडली होती? याच उंचीला. बाबाराव म्हणालेही होते, की वरती न्हाई, खालती न्हाई, बराबर मधातच काहून पडतंय. मला काकूंचा तेल पाजलेला तवा दिसला आणि त्यावरून पळणारं पीठ. पातळ थराला पसरायला खालच्याची मर्जी लागते, हे आईनं मला शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं. आता नातू फोनवर दाखवतो, रंगकामवाले त्याला फिश आय म्हणतात, म्हणजे माशाचा डोळा. मी त्याला म्हटलं, हा शब्द मला तेव्हा ठाऊक असता तर बरं झालं असतं. खाडीवरची पोर मी, माशाच्या डोळ्याला भ्यायले नसते.

पहिल्या ट्रॉलीचं फार कौतुक झालं म्हणून दुसरीला नजर लागू नये, यासाठी काकूंनी हे सुरू केलं असणार. भोकं पडली, तेव्हा त्यांना वाटलं नजर मोठी आहे, तेव्हा वात मोठी झाली. आणि आता तर ती माझ्यासाठी होती.

काय करायचं ते सुचेना. सांगायचं तर कुणाला? काकांना सांगितलं असतं तर उद्यापासून बाबाराव माझ्याऐवजी काकूंकडे तसं बघायला लागले असते, आणि ते बघणं काय असतं हे मला माहीत होतं. मी थिनरचा डबा उघडला, फडकं भिजवलं आणि काकूंनी घातलेल्या प्रदक्षिणेच्याच वाटेनं पुसत निघाले. समोरचा पत्रा झाला, उजवी बाजू झाली. मागे जायचं सोडून मी आधी डावी बाजू घेतली, कारण ती रस्त्याकडून दिसायची. फाळका राहिला होता.

"घावली!" मागून आवाज आला. "दिगंबरराव, बाहेर या! घावली बगा, हातात फडकं घेऊन घावली!"

बाबाराव नेहमीपेक्षा लवकर आले होते. त्यांचंही माझ्यासारखंच, राखण करायला.

काका ओल्या अंगानं आले, काकू पिठाच्या हातानं. बाबारावांनी माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं. "राती पुसून ठिवलं व्हतं न तू? मंग आता काय करून राहिली? आं? कोणाच्या सांगण्यावरून?"

"पुसत होते," मी म्हटलं.

"काहून?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता आणि म्हणूनच मला रडू फुटलं. मी काकूंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

"मारा रंग," काका शेवटी म्हणाले. "जे दिसायचं ते दिसंल."

बाबारावांनी रंग मारला. मी खांबाला टेकून उभी, त्याच जागी. समोरचा पत्रा आरशासारखा राहिला. उजवी बाजू राहिली. डावी राहिली. काका पुढे झुकून बघत होते. मग बाबाराव मागे गेले, फाळक्यावर फवारा फिरला, रंग चमकला, आणि उघडायला लागले, एकामागून एक, माशाचे डोळे.

"बगा!" बाबाराव म्हणाले. "मागून सुरू केलं व्हतं हिनं. म्या आलो नसतो तर सारी गाडी खाल्ली असती."

आणि त्यांचं म्हणणं खोटं कसं ठरवणार? फडकं माझ्या हातात होतं. एवढंच सगळ्यांनी पाहिलं होतं. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुले, पिशवी भर."

काकू फाळक्यासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या. भोकं अस्ताव्यस्त नव्हती. दोन पट्टे होते, वर रुंद, खाली निमुळते, एकमेकांकडे कललेले. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हात उचलले आणि पत्र्याला न लावता, हवेतच, वरून खाली फिरवले. उजवा तळवा उजव्या पट्ट्यावरून गेला, डावा डाव्यावरून. हात खाली आले तिथं भोकं संपत होती. त्यांनी पुन्हा एकदा तसंच करून बघितलं. मग हात नाकाशी नेऊन हुंगला.

"पिशवी बिशवी काई भरायची न्हाई," त्या म्हणाल्या. "हे माह्या हाताचं हाय."

"काय?"

"माह्या हाताचं. दर बारीला दृष्ट काडली म्या गाडीची. तुमी अंघोळीला गेलते तवा. हे तेल माह्या हाताचं हाय. पोरगी ते पुसून राहिली व्हती."

काका खालच्या जॅकवर बसले. "अन् सांगायचं न्हाई?"

"दृष्ट काय सांगून काडत असत्यात व्हय?" काकू त्यांच्यावरच उसळल्या.

काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. उठून त्यांनी कोपऱ्यातला थिनरचा डबा आणला, फाळका स्वतः घासून, पुसून काढला, आणि बाबारावांना म्हणाले, "मारा." रंग बसला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बसला. माणिकरावांची हळद ठरल्या दिवशी हिंगोलीला गेली.

बाबारावांनी माझी कधी माफी मागितली नाही. उलट, मी त्या घरात होते तोवर ते चहा पिताना म्हणत, "तेल असंल. म्या कुठं न्हाई म्हन्तो? पण तेल लावायचं त्या माउलीच्या डोक्यात कोणी घातलं, ते बगा." काही माणसांचा संशय असाच असतो, एक कारण पुसलं की दुसरीकडे सरकतो. मात्र सकाळी फडक्याला थिनर लावायला ते विसरले नाहीत.

त्या दिवशी दुपारी काकू माझ्याशेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "तू बघितलं व्हतं मला. मंग बोलली काहून न्हाईस? तुला हाकलून देऊन राहिले व्हते न!"

"टोकायचं नसतं ना," मी म्हटलं.

त्यांनी माझं डोकं मांडीवर ओढलं, पिशवीच्या तळची आईची बाटली काढायला लावली आणि कोरड्या, राठ झालेल्या केसांत ते तेल संध्याकाळपर्यंत जिरवलं. ट्रॉल्यांची दृष्ट काढायचं मात्र त्यांनी थांबवलं नाही. फक्त पुढे मीठ-मोहरीनं काढायच्या, चार हात लांबून, हात न लावता.

माझं लग्न त्यांनीच केलं, त्याच अंगणात. आई आली होती, मामीसुद्धा. हिंगोलीहून आलेली जीप दारात उभी होती आणि शेजारच्या मुलींनी मला पावडर लावून, टिकल्या चिकटवून तयार केलं होतं. फोटोवाला घाई करत होता. तेवढ्यात काकू आतून आल्या, चिमट्यात तीच निथळणारी पेटती वात. मी मागे सरकले.

"काकू, तेल!"

"गप. तू काय पत्रा हायेस?"

त्यांनी वात माझ्यावरून उतरवली, कुडाशी टाकली, आणि तेलकट तळवे माझ्या दोन्ही गालांवरून वरून खाली ओढून कानशिलावर बोटं मोडली. माझ्यापाशी त्या दिवसाचा एकच फोटो आहे. त्यात सगळ्या चेहऱ्यावर पावडर नीट बसलेली आहे, आणि गालांवर दोन पट्टे तेवढे कोरे आहेत, वर रुंद, खाली निमुळते.

मागच्या महिन्यात सुनेनं तो फोटो मोबाईलवर घेतला. म्हणाली, "आई, हे गालावरचं साफ करता येतं. करू?"

मी म्हटलं, "त्याला हात लावू नकोस."